दुसरा हात

रहिमाबीनं लंकाबाईचा पंजा तेल लावून दाबला आणि हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून हळूच सरकवली. जुन्नरची ही मण्यारीण वीस वर्षं डोंगरातल्या बायकांचे हात भरत आली होती. चार गावच्या गमती सांगून अशी हसवायची की दुखलेलं कळायचंही नाही. आज मात्र बाई मूग गिळून बसली होती.

इकडे लंकाबाईचा जीव टांगणीला लागलेला. तिचा नवरा धर्माजी हिरडा विकायला जुन्नरला गेला, त्याला तेरा दिवस झाले होते. जुन्नरात प्लेग होता. ताप आला की माणसाला गावाबाहेरच्या झोपड्यांत नेऊन ठेवतात, असं कानावर आलं होतं. तिनं आल्या आल्या विचारलं, तर रहिमाबी म्हणाली, अर्धं गाव रानात राहतंय, कोण कुणाला दिसतंय बाई! आणि घाईघाईनं पाटी उघडून बसली.

चौथी बांगडी चढवताना कट्‌कन मोडली.

"फुटली," रहिमाबी म्हणाली, आणि तिचे हात थांबले.

सवाष्णीची बांगडी मोडली की 'वाढवली' म्हणायचं. हे लंकाबाईला कुणी शिकवलं होतं? आईनं नाही, सासूनंही नाही. बोलायला लागल्यापासून ती तसंच बोलत आली होती. 'फुटली' हा शब्द तिनं एकदाच ऐकला होता, चुलत्याचं मढं उचललं त्या दिवशी, चुलतीच्या हातांकडे बघून. आणि रहिमाबीच्या हातून आजवर शेकडो बांगड्या मोडल्या असतील, पण तिची जीभ कधी घसरली नव्हती.

लंकाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारी मान वर करीना. मांडीवरचे काचेचे तुकडे वेचता वेचता तिचे डोळे गळत होते, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"तुमी त्या झोपड्यांकडं गेला व्हता?"

"माज्या लेकाला, तय्यबला भाकर द्यायला जायची," रहिमाबी कशीबशी म्हणाली. "लंके, तुजा दीर निगालाय तिकडनं. सांजंपातूर यील. त्यो सांगंल."

आत सासू भाकरी थापत होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. लंकाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुसरा हात पुढं धरला.

"ह्यो बी भरा. मला अजून कुणी काय सांगितलं न्हाई."