डॉक्टरचा नियम

डॉक्टर काही खरा डॉक्टर नव्हता. खेळात उतरला की बंदुकीच्या आधी मलमपट्ट्या गोळा करायचा, म्हणून हे नाव. पोटापाण्यासाठी तो काय करतो, हे सुईला ठाऊक नव्हतं. सुई हेही खेळातलंच नाव; ती बॅगांच्या चेनी दुरुस्त करायच्या दुकानात कारागीर होती. दिवसभर जाड कापडाशी झटापट करायची आणि घरी आल्यावर मोबाइलवर लढाई खेळायची. तिघांच्या टोळीतले तिसरे म्हणजे मास्तर. आवाज वयस्कर, खोकला जुनाट, नेम मात्र असा की समोरच्याने हात जोडावेत. तिघांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती.

टोळी जमण्याआधी तिने अनोळखी लोकांचं काय काय ऐकून घेतलं होतं! बाईचा आवाज कानी पडला की एखादा लाळ घोटायचा, दुसरा भांडी घासायला पाठवायचा आणि ती पडली की सगळे तिला टाकून पुढे पळायचे. एकदा ती अशीच जखमी होऊन सरपटत असताना एक अनोळखी गडी गोळ्या चुकवत मागे फिरला. तिच्याशेजारी बसून पट्टी बांधत म्हणाला, "घाई नाही. निवांत ऊठ." तो डॉक्टर. दुकानात मालक आणि घरी दादा, दोघेही सतत तिच्या मागे लागलेले. निवांत हा शब्द कुणी आपल्यासाठी वापरावा, याचंच तिला रडू आलं होतं.

या डॉक्टरचा एक नियम होता. तोही पडला तिच्यामुळेच. एका संध्याकाळी खेळ रंगात आला असताना दादा खोलीत शिरला आणि त्याने तोंड सोडलं. फुकटचं गिळतेस इथपासून सुरुवात, आणि पुढचं तर सांगायचीही लाज वाटावी. माइक चालूच होता. दुसऱ्या दिवशी तिने चाचरत विचारलं, "काल तुम्ही ऐकलंत?"

"छे! पहिला आवाज चढला तसा मी तुझा माइक माझ्याकडून बंद केला," डॉक्टर म्हणाला. "मास्तरांनाही करायला लावला. दुसऱ्याच्या घरातलं आपल्या कानावर पडू द्यायचं नाही."

"आणि तू परत येईपर्यंत आम्ही दोघं तुझ्याभोवती पहारा देत होतो," मास्तर खोकत म्हणाले. "एका मुंगीला फिरकू दिलं नाही."

तेव्हापासून तेच ठरलं. कुणाच्या घरात गडबड सुरू झाली की माइक बंद करायचा, पहारा द्यायचा आणि नंतर चौकशी करायची नाही. या नियमासाठी सुई कुणाशीही भांडली असती.

एका रविवारी दुपारी ते तिघं एका पडक्या गोदामात दबा धरून बसले होते. अचानक डॉक्टरच्या बाजूने धप्पकन आवाज आला. मग काहीतरी घासल्यासारखं, आणि पाठोपाठ दबलेला, लांबलचक हुंकार. त्याचा गडी पडद्यावर खांबासारखा उभा राहिला.

सुईला दादा आठवला. याच्याही घरात कुणीतरी आहे तर, तिला वाटलं. बिचारा कधी बोलला नाही.

"मास्तर, त्याचा माइक बंद करा. मीही करतेय," ती म्हणाली. मग जमेल तितक्या मायेने पुढे म्हणाली, "डॉक्टर, काळजी करू नकोस. आम्ही काही ऐकत नाही आहोत. निवांत ये."

आणि त्या दिवशी ते दोघं जिवाच्या आकांताने लढले. डॉक्टरच्या अंगाला त्यांनी गोळी लागू दिली नाही. डाव जिंकल्यावर मास्तर पोरासारखे ओरडले, "अरे, नुसता उभा राहून जिंकलास की लेका!"

त्यानंतर कितीतरी दिवस डॉक्टरचं नाव विझलेलंच राहिलं. नियम म्हणजे नियम, म्हणून दोघांपैकी कुणीही निरोप धाडून विचारपूस केली नाही. एका संध्याकाळी ते नाव उजळलं तेव्हा सुईने हातातली चहाची कपबशी तशीच खाली ठेवली.

"कुठे उलथला होतास रे?" ती ओरडली.

"आमची पट्ट्यांवाचून उपासमार झाली की!" मास्तर म्हणाले.

त्याच्या नावापुढची माइकची खूण लुकलुकत होती, आवाज मात्र येत नव्हता. तो बोलत होता, भराभरा बोलत होता. मग सुईला त्या खुणेवरची लाल काट दिसली. ती तिनेच मारलेली होती. तिने बोटाने ती काढली.

"ऐकू येतंय का कुणाला?" बाईचा आवाज होता. "मी त्याची बहीण. तो गेला."

मास्तरांनी आपल्याकडून त्याचा माइक उघडेपर्यंत तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं. तो एकटाच राहायचा. रविवारी खुर्चीवरून कोसळला, तो दुसऱ्या दिवशी तिला सापडला. हेडफोन कानावर तसाच होता.

"एकटा?" सुई म्हणाली.

"कोण होतं त्याला! तुम्हीच. तुमच्याबद्दलच बोलायचा सारखा," बहीण म्हणाली. "दवाखान्यात म्हणाले, पडल्यावर बराच वेळ शुद्धीत असणार. वेळेवर कुणाला कळलं असतं तर... म्हणून विचारते. त्याने हाक मारली का हो?"

"नाही, नाही," मास्तर घाईघाईने म्हणाले. "काही आवाज आला नाही, ताई. आम्हाला वाटलं, नेटवर्क गेलं."

ते सुईला पाठीशी घालत होते. पडलेल्याला टाकून जायचं नाही, हे ते डॉक्टरकडूनच शिकले होते. सुईला गप्प राहता आलं असतं. पण त्या बाईचा श्वास कानात स्पष्ट ऐकू येत होता आणि आता तो बंद करायची तिची हिंमत नव्हती.

"मारली असेल, ताई," ती म्हणाली. "मी त्याचा माइक बंद केला होता. मला वाटलं, घरात भांडण चाललंय."

"पण तुमचं बोलणं त्याला ऐकू येत होतं?" बहिणीने विचारलं.

"हो."

"मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

सुईने डोळे मिटले.

"निवांत ये, म्हणाले."