मला थंडीत ठेवा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. आरसा म्हटले की तुम्ही लगेच भांग पाडायला पुढे याल, म्हणून आधीच सांगतो, माझ्यात तोंड पाहू नका. नाक भोपळ्याएवढे दिसेल. मी दुर्बिणीच्या तळाशी बसणारा खोलगट आरसा आहे, ताटलीएवढा रुंद आणि चांगला जाडजूड. थोडी बढाई मारू द्या. किर्गिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराच्या काठाने कितीही हिंडलात तरी माझ्यासारखा हाताने घासलेला आरसा तुम्हाला दुसरा सापडणार नाही.

जन्माने मी जहाजाची खिडकी. बालिकचीच्या धक्क्यावर एक जुनी आगबोट मोडीत निघाली तेव्हा तिथे बोटी दुरुस्त करणाऱ्या तुर्दुबेकने तिच्या गोल खिडकीची काच उचलून घरी नेली. बायकोला वाटले, कोंबड्यांच्या खुराड्याला उपयोगी पडेल. पण त्याने एका पिंपावर दुसरी काच ठेवली, तिच्यावर ओली कुरुंदाची पूड टाकली आणि मला तिच्यावर घासत पिंपाभोवती फिरू लागला. थोडे घासायचे, एक पाऊल सरकायचे, पुन्हा घासायचे. अख्खा हिवाळा हेच. बायको म्हणायची, "घाण्याला बैल जुंपतात तसं स्वतःला जुंपून घेतलंय!" तो हसायचा आणि फिरत राहायचा. मग राळेवर घासून मला झिलई दिली, वर चकचकीत मुलामा चढला आणि मी लाकडी नळकांड्यात जाऊन बसलो.

काय दिवस होते ते! शनीची कडी पाहायला आमच्या अंगणात गल्ली लोटायची. तुर्दुबेकचा मात्र जीव जडला होता एका धुरकट ठिपक्यावर. जंबुक तारकासमूहात एक म्हातारा तारा आहे. मरता मरता त्याने अंगावरचे वायूचे कवच फुंकून टाकले आणि आता तो आतून ते उजळवतो आहे. अशा कवचाला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्याचे काही नाते नाही, नाव तेवढे चिकटले. डोळ्याला तो कापसाच्या बोळ्यासारखा करडा दिसतो. "याच्या बाहेर आणखी एक कवच आहे," तुर्दुबेक आपल्या लेकीला, बेगिमायला सांगायचा. "फार फिकट. आपल्या आरशात ते येतंच, पण आपला डोळा कमी पडतो."

माझ्यावर एवढा विश्वास होता त्याचा.

पुढे धक्का बंद पडला. तुर्दुबेक म्हातारा झाला, त्याचे हात थरथरू लागले आणि मी कोठीत बटाट्यांच्या पोत्यांमागे गेलो. धूळ बसली. खोटे कशाला सांगू, मी खूप रडवेला झालो होतो. मग दातांची डॉक्टर झालेली बेगिमाय बिश्केकहून एक कॅमेरा घेऊन आली. "अता," ती बापाला म्हणाली, "डोळा कमी पडत होता ना? हा घ्या मोठा डोळा." दोघांनी मला पुसले, नळकांडे सांधले आणि उन्हाळ्यात मला उंच कुरणावर, जैलूवर नेले. तिथे तुर्दुबेकची थोरली बहीण आयिमकान आपा लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत राहून गुरे राखते. तिथले आभाळ स्वच्छ, आणि सूर्य बुडला की भर उन्हाळ्यातही दात वाजतात.

आता ऐका माझी फजिती. जैलूवर पाहुणा आला की रोज संध्याकाळी वेगळ्या तंबूतून जेवणाचे बोलावणे येते आणि नाही म्हणायची सोय नसते. बाप-लेक जेवायला गेले की आपा माझे नळकांडे हळूच उचलायची, आपल्या जाड कोटात गुंडाळायची आणि तंबूत रसरशीत शेगडीजवळ नेऊन ठेवायची. नुकते जन्मलेले कोकरू ती जिथे ठेवते, अगदी तिथे. "गारठलं गं माझं!" असे म्हणून थोपटायचीसुद्धा. भावाला आपल्या वस्तूला कोणी हात लावलेला खपत नाही हे तिला ठाऊक होते. म्हणून त्यांची चाहूल लागली की मला पुन्हा बाहेर जागच्या जागी ठेवायची.

मित्रांनो, दुर्बिणीच्या आरशाला बाहेरच्या हवेइतके गार व्हावे लागते. तापलेल्या आरशावरची हवा थरथरते आणि सगळे चित्र बिघडते. मी तर जहाजाची जाड काच, एकदा शेकलो की निवता निवत नाही. फोटोत तारे तेलात तळून फुगलेल्या बोरसोक-वड्यांसारखे आले आणि तेजोमेघाचा नुसता लगदा झाला. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. बेगिमायने कॅमेरा तपासला, स्क्रू पिळले, काही उपयोग झाला नाही.

शेजारच्या तंबूतला घोडेवाला शारशेन लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाला, "तुर्दुबेक, तुमचा आरसा चष्मा घरी विसरलाय वाटतं!"

सगळे हसले. तुर्दुबेक हसला नाही. तो लेकीला हळू आवाजात म्हणाला, "दोष माझ्या हाताचाच आहे. घासताना कुठेतरी चुकलो. घरी गेलो की मुलामा उतरवतो आणि पुन्हा घासायला घेतो."

"अता, तुमचे हात..."

"हात आहेत अजून."

मला घाम फुटला. त्या थरथरत्या हातांनी मला घासले तर माझा जुना आकार जाणार आणि नवा कधीच येणार नाही, हे तिलाही कळत होते आणि त्यालाही. त्याच्या उमेदीतला अख्खा हिवाळा माझ्या अंगावर आहे. मी निर्दोष आहे, हे ओरडून सांगावेसे वाटत होते. पण आरशाला कुठले तोंड!

शेवटच्या संध्याकाळी आपाची गाय परतली नाही. बाप-लेक शारशेनकडे जेवायला गेले आणि आपा घोड्यावर बसून गाय शोधायला गेली. मी बाहेरच राहिलो. वारा अंगाला झोंबत होता आणि मी मनापासून गार होत होतो.

जेवून आल्यावर बेगिमायने कॅमेरा लावला. तारे टाचणीच्या टोकाएवढे! कॅमेरा एकामागून एक फोटो घेत होता, लॅपटॉप ते एकावर एक रचत होता. हिरवट गाभा उमटला, मग तांबड्या कडा, मग दोन्ही बाजूंचे कान. आणि त्या सगळ्याच्या बाहेर, श्वास सोडावा तसे फिकट, दुसरे कवच.

"अता," बेगिमायने त्याची बाही ओढली. "आलं. बाहेरचं आलं."

तुर्दुबेकने पडद्याला नाक टेकवले. त्यांच्याबरोबर आलेल्या शारशेनने टोपी काढली.

इतक्यात आपा गाय हाकत आली. "काय, जमलं वाटतं? आणि मी मेली मघापासून चुटपुटतेय की आज बिचाऱ्याला शेकायला कुणी नाही म्हणून!"

"कुणाला शेकायला?" तुर्दुबेक वळला.

"तुझ्या नळकांड्याला. रोज शेगडीजवळ ठेवते ना मी. नाहीतर तू ठेवशील उघड्यावर कुडकुडत!"

"आपा, तू माझा आरसा भाजत होतीस?"

"मग कोकरू ठेवतो का आपण बाहेर?"

बेगिमाय हसून हसून जमिनीवर बसली. तुर्दुबेकही हसला, पण त्याचे डोळे भरले होते. त्याने थरथरता हात माझ्या नळकांड्यावर ठेवला. "चुकले नव्हते गं हात," तो म्हणाला. "माझे हात चुकले नव्हते."

ते चित्र आता आपाच्या तंबूत टांगलेले आहे आणि पाहुण्याला ते पाहिल्याशिवाय चहा मिळत नाही. तुर्दुबेक आणि मी दर उन्हाळ्यात येतो. मित्रांनो, वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण स्वतःला थंडी वाजते म्हणून आम्हाला पांघरूण घालू नका. आम्हाला काय हवे, ते आधी विचारा. आपा विचारायला शिकली. आता सूर्य कलला की ती स्वतःच मला बाहेर आणून ठेवते. जन्मात कधी कुठल्या जिवाला तिने थंडीत सोडलेले नाही, त्यामुळे तिचा जीव तुटतो, हे मला दिसते.

"गार हो, बाळा," ती म्हणते आणि मागे वळून न बघता आत जाते.