फ्लॅशवरचा डबा

मी एक जुना आइस्क्रीमचा डबा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. या घरात नाक मुरडायचा हक्क कुणाला असेल तर तो मलाच आहे, आणि का ते आता सांगतो.

आम्ही दोन डबे एकाच दिवशी आलो आणि रिकामे झाल्यावर ओट्यावर शेजारी शेजारी पालथे पडलो. घरधनी पेशाने घड्याळजी. बारीक वस्तूला डोळा लावून बसायची सवय, म्हणून छंदही तसाच: किड्यांचे फोटो. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये तो पोकळ नळ्या बसवायचा. त्यांत काच नाही की काही नाही, नुसती हवा. पण लेन्स तेवढी पुढे सरकली की मुंगीचं डोकं लिंबाएवढं दिसायचं. घोडं अडलं उजेडापाशी. नुसता फ्लॅश मारला की किड्याच्या पाठीवर पांढरे डाग उठत. मग त्याने मला कापलं, आत पातळ कागद लावला आणि फ्लॅशवर चढवलं. माझ्यातून गाळून गेलेला उजेड इतका मऊ पडला, की त्याने मला टिचकी मारून शाबासकी दिली. तेव्हा केवढा फुगलो होतो मी! आता आठवलं तरी शिसारी येते.

कारण दुसऱ्या डब्याचं काय झालं ते ऐका. इतक्या जवळून फोटो काढायचा, तर किडा जरासा हलला तरी सगळं पुसट. म्हणून हा गृहस्थ किडे त्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा! एकदा बायकोने लोणी समजून डबा उघडला, तर आत सहा भुंगे.

"अहो, खायच्या वस्तूंत किडे? शी शी शी!"

"झोपतात गं नुसते थोडा वेळ."

झोपतात म्हणे! त्यातले अर्धे पुन्हा उठायचेच नाहीत. मग हा त्यांचे पाय डिंकाने पानावर चिकटवायचा, आणि मेलेल्या डोळ्यांत चमक आणायचं काम माझ्याकडे. किळस यायची हो, पण फ्लॅशला बांधलेला डबा तोंड कुठे फिरवणार?

त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने गॅलरीत बरणीत एक नाकतोडा पाळला होता. मागचा एक पाय तुटलेला, म्हणून नाव लंगडू. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्याला कोवळं गवत. एके सकाळी तिनेच बरणी बापाच्या हातात दिली.

"बाबा, याचा मोठ्ठा फोटो काढा ना. पण फ्रिजमध्ये नाही हं. शप्पथ?"

"शप्पथ."

ती शाळेत गेली. लंगडू काही एका जागी बसेना. वीसेक फोटो वाया गेल्यावर घड्याळजी पुटपुटला, "पाचच मिनिटं," आणि त्याने लंगडूला त्या डब्यात घातलं. तेवढ्यात दुकानातून फोन आला. पाच मिनिटांचे तीन तास झाले. मग डिंकाची बाटली निघाली, आणि निर्लज्जासारखा उजेड मी पाडला.

"फोटो झाला. त्याला बागेत सोडलं," बापाने मुलीला सांगितलं.

ती थोडी रडली. मग म्हणाली, "बरं झालं. तिथे गवत पुष्कळ आहे."

त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. दाराएवढा करून तो एका दालनात लावला. जो तो म्हणे, "काय जिवंत फोटो आहे!" घड्याळजी गळ्यात कॅमेरा अडकवून हसत उभा होता, आणि मला ओकारी यायचीच काय ती बाकी होती. मुलगी फोटोच्या अगदी जवळ गेली. लंगडूच्या पुढच्या पायापाशी एक चकचकीत थेंब होता, आणि त्यातून पानापर्यंत ओढला गेलेला बारीक तंतू. माझा उजेड चांगला होता ना, काहीच लपलं नाही.

तिने त्या थेंबावर बोट टेकवलं. "बाबा, हा डिंक आहे?"

घड्याळजीने गळ्यातला कॅमेरा काढून पाठीमागे धरला.

"म्हणजे तो बागेत नाही गेला."

"अगं, ऐक तरी..."

तिने ते बोट फ्रॉकला पुसलं आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, पहाटेच्या गारव्यात किडे आपणहून पानावर शांत बसतात. तेवढं लवकर उठायचं आणि दमाने वाट बघायची, बस्स. घड्याळजीला ते आता कळलंय. दुसरा डबा त्याने स्वतःच्या हाताने फेकला. रोज पहाटे बागेत गुडघ्यांवर बसतो, आणि फोटो काढून झाला की किडा तिथेच सोडून परततो. तुम्हीही जवळून बघा, पण कुणाचा जीव घेऊन बघू नका.

परवा मुलीला जिन्यात लाल ठिपक्यांचा किडा सापडला. आई म्हणाली, "अगं, बाबांना दाखव ना!" बाप खोलीतून बाहेर आला, नुसता बघायला, हात मोकळे ठेवून. मी तर तिकडे टेबलावर होतो. तरी तिने झाकलेली ओंजळ छातीशी धरली आणि जिना उतरून गेली.