टाकीची सावली

भांडण कशावरून पेटलं म्हणून विचाराल, तर दोन्ही जावा दोन वेगळी उत्तरं देतील आणि दोघीही धडधडीत खोटं बोलतील. खरं एवढंच, की एका भिंतीला चिकटलेली दोन घरं, दोन सख्खे भाऊ, थोरल्याकडे राहणारी त्यांची आजारी आई आणि विजेचं मीटर एकच, थोरल्याच्या नावावर. एके दिवशी थोरल्या जावेने धाकटीच्या घरात जाणारी वायर काढून टाकली आणि वर सुनावलं, "फार तोरा आहे ना? मग पाडा आता आपला उजेड आपण!"

धाकटीने पाडला. नव्या मीटरला थोरल्याची सही लागत होती आणि ती मागायला तिची चप्पल झिजणार नव्हती. नवऱ्याने कुणीतरी काढून टाकलेले चार जुने सोलर पॅनल आणले, गच्चीच्या आपल्या अर्ध्या भागात एका ओळीत बसवले, जिन्याखाली दोन बॅटऱ्या ठेवल्या. त्यावर दिवे लागले, पंखा फिरला आणि मुख्य म्हणजे अंडी उबवायची पेटी चालू झाली. पिल्लं विकून घर चालायला लागलं. गल्ली तिला कोंबडीवाली म्हणायला लागली, तेही तिला गोड वाटे.

थोरलीच्या डोळ्यांत हे सगळं खुपणारच. तिने आपल्या बाजूला, बरोबर मधल्या कठड्याला खेटून, लोखंडी स्टँडवर पाण्याची भलीमोठी टाकी चढवली. दुपार झाली की टाकीची सावली शेवटच्या पॅनलवर. झालं! पेटीच्या लागोपाठ दोन खेपा गार पडल्या. अंड्यांत पिल्लं मेली, ती धाकटीने स्वतःच्या हाताने मागच्या अंगणात पुरली आणि दर खड्ड्याला जावेच्या सात पिढ्या काढल्या.

नवऱ्याने मात्र हात टेकले. "या खेपेला पिल्लं निघाली नाहीत, तर मी दादाकडे जाऊन वायर मागणार. पुरे झालं हे."

"माझ्या मढ्यावरून जा," धाकटी म्हणाली. पण तो जाणार, हे तिला कळून चुकलं होतं.

आणि नेमकी अंडी फुटायच्या बेतात असताना वादळ आलं. खांब आडवे झाले, अख्ख्या गल्लीची वीज गेली. आभाळ गच्च भरलेलं, त्यामुळे बॅटऱ्याही रडतखडत चालल्या होत्या. अखेर ऊन पडलं. धाकटीचा नवरा कोंबड्यांचं खाद्य आणायला गेला होता. ती जिन्याखाली बसून, पॅनलकडून येणारी वीज मोजणाऱ्या डबीवरच्या आकड्याकडे बघत होती. आकडा चढत होता. दुपार झाली आणि बसला खाली.

तेवढ्यात गच्चीवरून हाक आली. "अगं ए!"

थोरली कठड्याला धरून उभी होती. केस विस्कटलेले, तोंडचं पाणी पळालेलं. "वायर टाक इकडे. आईंचं ऑक्सिजनचं मशीन बंद आहे आणि सिलिंडर संपत आलाय. हे दुसरा आणायला गेलेत, तर रस्त्यात झाड पडलंय म्हणे."

खोटं कशाला बोला, धाकटीच्या मनात उकळ्या फुटल्या. आली! महाराणी आली! पण सासूबाईंची खोली गच्चीला लागूनच होती, दार उघडं होतं आणि आतून त्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. म्हातारीने दोघींनाही कधी वेगळं लेखलं नव्हतं.

धाकटी खाली गेली. बॅटरीत जीव होता तो एकालाच पुरणारा, मशीनला नाहीतर पेटीला. तिने पेटीचा प्लग खेचला, दातओठ खात लांब वायर वर नेली आणि कठड्यावरून फेकली. "घ्या. माझी पिल्लं मारून घ्या."

मशीन घुरघुरायला लागलं. घरघर हळूहळू निवळली. थोरली बाहेर आली ती पुन्हा ताठ मानेनेच. "चार-चार फळ्या लावल्यात, आणि एक मशीन चालवताना एवढं रडगाणं?"

"चार कुठल्या? शेवटच्या पॅनलवर तुमच्या टाकीची सावली आहे. एका ओळीत जोडलेत ते. पाइपाला एका जागी चिमटा बसला की पुढे धार येते का? तसंच. एक झाकला की चारही मेले."

"ठाऊक आहे मला."

"काय म्हणालात?"

"ठाऊक आहे म्हटलं. वायरमनला विचारूनच स्टँड तिथे ठेवला." लाज नाही, शरम नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगून मोकळी झाली.

धाकटीच्या अंगाची लाही लाही झाली. "नळ सोडा," ती म्हणाली. "टाकी रिकामी करा, सरकवायचीय ती. आत्ताच्या आत्ता."

"डोकं फिरलंय का तुझं? वीज नाही, पंप नाही. घरातलं सगळं पाणी तेवढंच आहे!"

धाकटीचा हात वायरीवर गेला. ओढली असती का तिने? तिची तिलाच खात्री नव्हती. पण थोरलीने तो हात बघितला, मग उघड्या दाराकडे बघितलं, आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत टाकीचा नळ सोडला. पाणी गच्चीवर लोटलं, पन्हाळीतून खाली गल्लीत धबाधबा पडायला लागलं.

एवढी मोठी टाकी काय लगेच रिकामी होते? तोवर अंडी गार पडली असती. धाकटीने ती शालीत गुंडाळून वर आणली. "बसा इथे, कोरड्यात. उन्हात. मांडी घाला."

"मी? कोंबडीसारखी?"

"कोंबडी निदान गप्प बसते."

थोरली बसली. देवाने देह दिला होता ऐसपैस, तो आज कामाला आला. धाकटीने अंडी तिच्या मांडीत ठेवली, वरून शाल लपेटली आणि बजावलं, "हललात तर याद राखा." आतून सासूबाईंचा क्षीण आवाज आला, "भांडा गं, पण जरा हळू."

धार बारीक झाली, मग थेंब थेंब. धाकटीने पान्याने पाइप सोडवला आणि खांदा लावून टाकी ढकलली. पहिल्यांदा हलेना. मग दोन वर्षांचा सगळा राग तिने त्या खांद्यात आणला, तेव्हा टाकी खरडत सरकली आणि स्टँडवरून पलीकडे गडगडत गेली. शेवटच्या पॅनलवर लख्ख ऊन पडलं. ती धावत खाली गेली. आकडा चढत होता, थांबतच नव्हता. तिने पेटी लावली. मशीनही चालू, पेटीही चालू. पेटी तापेपर्यंत ती तिच्यावर हात ठेवून उभी राहिली आणि तिला रडू आलं.

डोळे पुसून ती अंडी न्यायला वर आली, तर थोरली शाल सोडेना. "थांब जरा. एक आतून टोचतंय."

थोरली मान वर न करताच बोलली. "वायर काढली ना मी, त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दाराकडे कान लावून बसायचे. आज येईल, उद्या येईल. वहिनी, चुकलं म्हणेल. आलीच नाहीस तू."

"आले असते तर जोडली असतीत?"

थोरलीने खरोखर विचार केला. "नसती जोडली," ती म्हणाली. "पण तू यायला हवं होतंस."

असा संताप आला धाकटीला! शेजारी दिवे झगझगत असताना तिने किती रात्री अंधारात काढल्या होत्या, आणि ही बया वाट बघत बसली होती म्हणे. बोलायला तोंडाशी खूप काही आलं. तेवढ्यात आत मशीनने एक लांब सुस्कारा सोडला.

"आज तुम्ही आलात वहिनी," ती म्हणाली. "आणि मी जोडली."

थोरलीच्या मांडीतल्या शालीतून बारीकसा चिवचिवाट आला, तरी तिने मान वर केली नाही. फक्त शाल जरा घट्ट धरली.