तागडीतले नारळ

वाकोल्याच्या मंडळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध भलीमोठी तागडी टांगलेली. एका पारड्यात दशरथमामा बसलेले, दुसऱ्यात सहदेवबाबांचे चेले नारळ रचत होते.

"पहिल्या खेपेपेक्षा बारा नारळ जास्त लागले," बाबा गरजले. "रोगी भरला, रोग हरला!"

लोकांनी हात जोडले. पारड्यातल्या माणसाच्या बरगड्या सदऱ्याआडूनही मोजता येत होत्या आणि त्या एकालाही दिसत नव्हत्या. मधुवंतीला सगळ्यांची किळस आली.

मधुवंती मामांची सख्खी भाची. मामांवर कर्करोगाचे उपचार चालले होते त्याच इस्पितळात ती आहारतज्ज्ञ होती. वॉर्डात तिने त्यांच्या हातापाया पडून दर दोन तासांनी चार घास पोटात घातले होते. कधी घट्ट दही, कधी अंडं, कधी तूप सोडलेली मऊ खिचडी. मेलेली भूक आत्ता कुठे परत येऊ लागली होती. वजन टिकलं तरच औषधाचा पुढचा डोस सोसेल, असं डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं.

घरी बाबा टपलेलेच होते. अन्न रोगी खात नाही, रोग खातो, तेव्हा रोगाला उपाशी मारा, हे त्यांचं ब्रह्मज्ञान. त्यामुळे दही, अंडी, खिचडी बंद आणि मामांच्या पोटात फक्त बाबांच्या बाटलीतलं तीर्थ. इस्पितळाच्या काट्यावर वजन आणखी उतरलं, तेव्हा मामीने भाचीलाच सुनावलं. तुमचा काटा सेलवर चालतो, सेल संपत आले की काहीही दाखवतो. देवाचा नारळ खोटं बोलत नाही.

शेवटचा नारळ रोग्याच्या बायकोने ठेवायचा, अशी बाबांची रीत. तो आता मामीच्या हातात होता. त्याच्या डोळ्यांवर शेंदराचा जाड थर होता. मधुवंतीने पाहिलं, तर पारड्यातल्या प्रत्येक नारळावर तसाच.

"मामी," ती म्हणाली, "हा नारळ बाजारात घेतला असतास, तर आधी काय केलं असतंस?"

मामी मालवणची. तिकडचं माणूस कानाशी हलवल्याशिवाय नारळ पिशवीत टाकत नाही. अर्धा हॉल कोकणातलाच होता, पण देवाचा म्हटल्यावर एकानेही हलवून पाहिला नव्हता. मामीचा हात सवयीने कानाकडे गेला. तिने नारळ हलवला, पुन्हा हलवला.

"ह्येच्यात पाणी नाय," ती हळूच म्हणाली.

बाबांनी लगेच खुलासा केला, की ते देवाने प्राशन केलं. मधुवंतीने नखाने शेंदूर खरवडला. खाली मेण निघालं आणि मेणाखाली भोक. तहानलेला देव नारळ पिऊन वर बूच लावून जातो, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

मग तिने सरळ सांगितलं. पहिल्या खेपेला नारळ भरलेले होते, आज ते रिकामे आहेत. रिकामा नारळ हलका, म्हणून तेवढ्याच वजनाला जास्त लागतात. आणि त्यातलं पाणी तीर्थाच्या बाटलीत गेलं.

कोणीतरी नाक्यावरून भरलेले नारळ आणले. पहिल्या खेपेइतकेही लागले नाहीत, त्याआधीच पारडी बरोबरीला आली. मामी डोळे फाडून पाहत राहिली. बाबा मागच्या दाराने पसार होऊ पाहत होते, आणि मघाशी जोडलेले हात आता त्यांच्या अंगावर उगारले गेले. मधुवंतीला त्या हातांचाही तिटकारा आला.

मामांना उतरवलं, तेव्हा ते बायकोकडे बघत म्हणाले, "मी रोज सांगत होतो गं, भूक लागते. तू म्हणायचीस, ती रोगाची भूक."

मामीने पदर तोंडात कोंबला.

मधुवंतीने त्यांना तडक वॉर्डात नेलं. इतक्या दिवसांच्या उपासानंतर भरलं ताट झेपत नाही, म्हणून सुरुवात पुन्हा चमच्या-चमच्याने झाली. औषधाचा डोस मात्र लांबणीवर पडला, आणि त्याचे काय परिणाम होतील, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

रोग्याला उपाशी ठेवून रोग मरत नाही, रोगी मरतो. जो तुमच्या माणसाच्या तोंडचा घास काढायला सांगतो, त्याला आधी डॉक्टरांसमोर उभा करा. आणि नारळ देवाचा असला तरी कानाशी हलवून बघा. देवाला त्याचा राग येत नाही.