दोन्ही टोकांचा माणूस

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या कागदपत्रांचा विभाग होता आणि तिथे ती स्कॅनिंगचं काम करायची. एकदा तिच्या टेबलावर लांबलचक गुंडाळ्यांची पेटी आली. शंभरेक वर्षांपूर्वीचे विद्यार्थ्यांचे आणि प्राध्यापकांचे सामूहिक फोटो, दर वर्षाचा एक. उंचीला वीतभर आणि लांबीला पुरुषभर. उलगडायला गेलं की तडकायचे, म्हणून दुरुस्तीचं काम बघणारे काका आधी त्यांना दमट डब्यात मऊ करायचे आणि मग टीपकागदात दाबून सपाट करायचे. सगळे त्यांना इस्त्रीकाकाच म्हणत. घाई त्यांना खपत नसे. एक फोटो सरळ झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

पहिला फोटो तिने तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून कॉम्प्युटरवर जोडला आणि बघते तर काय, डाव्या टोकाचा हडकुळा, सुपासारख्या कानांचा मुलगा उजव्या टोकालाही उभा. जोडताना आपणच घोळ घातला असं वाटून तिने सगळं पुन्हा जोडलं. तरी हा दोन्हीकडे. जुळे म्हणावेत, तर डावीकडच्याच्या कोटाचं जे बटण तुटलेलं, तेच उजवीकडच्याच्याही. फक्त उजवीकडे केस उभे आणि तोंड उघडं, धाप लागल्यासारखं. मूळ फोटोतही तेच होतं.

विभागप्रमुख मॅडमना बोलावलं. त्या कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी भिंग लावून दोन्ही टोकं पाहिली आणि समजावून सांगितलं, की हा कॅमेरा एका जागी उभा राहून डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरायचा.

"याला टिपून कॅमेरा पुढे सरकला," त्या म्हणाल्या, "तसा हा रांगेमागून जो सुटला, तो कॅमेऱ्याच्या आधी..." पुढचे शब्द त्यांना फुटेनात. त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

घरी तिने ही गंमत सासूबाईंना सांगितली. त्यांनी चक्क चालू मालिका बंद केली आणि पुढच्या वर्षी काय झालं म्हणून विचारलं. पुढचा फोटो अजून सपाट व्हायचाय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग त्या काकांना सांग, जरा हात चालवा म्हणावं."

दुसऱ्या फोटोत कानवाला होताच, शिवाय त्याचे दोन मित्रही दोन्ही टोकांना. तिसऱ्यात जवळजवळ सगळी मागची रांग. त्यातला एक गोलमटोल गडी वेळेत पोचलाच नव्हता. एक पाय हवेत असतानाच तो कॅमेऱ्यात सापडला होता. पुढच्या रांगेतले एक प्राध्यापक मागे कसला गोंधळ म्हणून वळले असावेत, कारण त्यांच्या चेहऱ्याचा पार रबडा झाला होता. सासूबाई आता दारातच वाट बघायच्या. शेजारणीलाही त्यांनी नादी लावलं होतं.

शेवटच्या फोटोच्या दिवशी त्यांना घरी दम धरवेना. पर्स काखेत मारून त्या थेट तळघरात हजर झाल्या. मॅडमनी स्वतः त्यांना खुर्ची दिली. इस्त्रीकाकांनी टीपकागद उचलला आणि सगळे टेबलावर वाकले. कानवाला मधोमध, हात बांधून, अगदी गरीब गाय.

"सुधारला मेला," सासूबाई हिरमुसून म्हणाल्या.

पण सुनेचं लक्ष डाव्या टोकाकडे गेलं. तिथे दाढीवाले प्राचार्य, झगा घालून, ताठ. तिने हळूच उजव्या टोकाकडे पाहिलं. तिथेही प्राचार्यच. झगा गुडघ्यापर्यंत वर धरलेला, एका पायात बूट नाही आणि हसू दाढीत मावत नाही असं. कानवाला सोडला तर मधली सगळी पोरं हसून हलली होती. एकाचाही चेहरा धड आला नव्हता.

एकच हशा उसळला. इस्त्रीकाका टेबल धरून नुसते हलत होते. हसू जरा ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, "चला अंगणात. आपणही काढू."

सगळा विभाग अंगणात रांगेत उभा राहिला. पहारेकऱ्याच्या हातात मोबाइल दिला आणि हळूहळू फिरायला सांगितलं. सासूबाईंनी डावं टोक आधीच अडवलं होतं. सून गुडघ्यांबद्दल काहीतरी पुटपुटली, तर त्या म्हणाल्या, "गुडघे माझे आहेत, मी बघते त्यांचं."

मोबाइल पुढे सरकला आणि सासूबाई सुटल्या. त्यांच्यामागून धप धप आवाज आला म्हणून सुनेने वळून पाहिलं, तर मॅडमही पळत होत्या. उजव्या टोकाला दोघी एकमेकींवर आदळल्या आणि मिठी मारूनच कशाबशा उभ्या राहिल्या. पहारेकऱ्याचा हात हसून थरथरला, म्हणून सगळी रांग लाटेसारखी आली. सुनेचं तर नुसतं नाकच ओळखू येत होतं. ती वळून बघत होती ना. मॅडमनी तो फोटो जुन्या फोटोंच्या शेजारी रीतसर नोंदवला.

परतताना बसमध्ये सासूबाईंना हसून हसून उचकी लागली. त्यांना घराचे जिने चढवेनात, तेव्हा सुनेने मागून ढकललं, आणि मधल्या मजल्यावर दोघींचं बळ संपलं म्हणून त्या पायरीवरच बसून राहिल्या, हसत.