चेन आजीचे अर्धा किलो टोमॅटो

ताहिराला एक खोड होती. पुस्तकातलं इंग्रजी तिला चालायचं नाही. "लंडनच्या कुणा जॉनचं घर माझ्या बायांनी कशाला पाठ करायचं?" असं म्हणून ती धडे स्वतःच लिहायची, तेही आखाती देशातल्या, महबूल्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात, एका हातानं कालवण ढवळत. दापोलीच्या शाळेत आठ वर्षं शिकवलेली बाई ती. नवरा झहूर कामावर गेला की भिंतींकडे बघत कोण बसणार? जवळच्याच वस्तीत, मंगफला, एका इमारतीत चिनी कंपनीच्या लोकांची बिऱ्हाडं होती आणि तिथल्या चार बायकांना बोलण्यापुरतं इंग्रजी हवं होतं. आठवड्यातून तीनदा ताहिरा तिथं जायची, दारात आपले लाल सँडल काढायची, आणि शिकवणी सुरू.

चौघींत चेन आजी सगळ्यांत थोरली, अडुसष्ट वर्षांची. मुलगी मेई कंपनीच्या ऑफिसात, म्हणून नातवाला सांभाळायला आजी चीनहून आलेली. पाठांतराला अशी की विचारू नका! पहिला धडा तिनं वहीत उतरवला, खाली चिनी अक्षरांत उच्चार लिहून घेतले आणि आठवडाभर घोक घोक घोकला. कुठं राहता, एवढं इंग्रजीत विचारायचा अवकाश, आजी शाळकरी पोरीसारखी ताठ उभी राहायची आणि एका दमात सगळं म्हणून टाकायची. बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. पण धड्याबाहेरचा एक शब्द बोलेल तर शपथ! आज काय जेवलात म्हटलं की नुसती हसायची.

"पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता यायचं नाही," ताहिरानं ठरवून टाकलं. "आजी, उद्या एकटीनं खालच्या बकाल्यात जायचं, इंग्रजीत मागायचं आणि अर्धा किलो टोमॅटो आणायचे."

बकाला म्हणजे इथलं किराणा दुकान. ऑफिसातून परतलेल्या मेईनं ते आजीला चिनीत सांगितलं, पण स्वतः घाबरली. आई इथं एकटी कधी बाहेर पडलेली नाही, म्हणाली, शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत.

"अगं, खाली तर दुकान! काय होतंय?" ताहिरानं तिला उडवूनच लावलं.

हे 'काय होतंय' तिला भलतंच महागात पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता मेईचा फोन आला. नातवाला शेजारणीकडे ठेवून आजी साडेअकराला निघाली होती, ती परतलीच नव्हती. फोन घरीच चार्जिंगला. बकालेवाला म्हणाला, टोमॅटो संपले होते म्हणून मी पुढच्या रस्त्यावरचं दुकान दाखवलं. त्यापुढं आजी कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू तिला पाठवलंस," मेई म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मे महिना, बाहेर शेहेचाळीस डिग्री, धडधाकट माणूस चक्कर येऊन पडावं असं ऊन. ताहिरानं गॅस बंद केला, पायात हाताला लागल्या त्या झहूरच्या चपला सरकवल्या आणि मिळेल ती टॅक्सी धरून मंगफ गाठलं.

मग दोघींनी काय शोधायचं बाकी ठेवलं? दुकानं झाली, मशिदीची सावली झाली, बसथांबे झाले, दवाखान्यात फोन झाले. सगळ्या इमारती मेल्या एकाच रंगाच्या! झहूरच्या चपला पायातून निसटत होत्या आणि ताहिराच्या तोंडी एकच जप, "या अल्ला, म्हातारीला सांभाळ. अक्कल माझी गेली, शिक्षा तिला नको." मेई दोन पावलं पुढं चालायची आणि मागं बघायची नाही. आजीला काही झालं तर या पोरीला आपण तोंड कसं दाखवणार?

शेवटी दोघी मखफरमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात गेल्या. पोलीस भला होता. आधी त्यानं गार पाणी दिलं, मग विचारलं, "आईला घरचा पत्ता सांगता येतो का?"

"न यायला काय झालं? तोंडपाठ आहे तिला!" एवढ्या संकटातही ताहिराच्या अंगातली बाई जागी झाली. आजीच्याच सुरात तिनं म्हणून दाखवलं, "आय लिव्ह इन महबूला. ब्लॉक टू. बिल्डिंग फोर्टी. थर्ड फ्लोअर..."

आणि ती थांबली.

"महबूला?" मेई म्हणाली. "आम्ही तर मंगफला राहतो."

ताहिरानं कपाळावर हात मारला. तो धडा तिनं स्वतःवरून लिहिला होता. आपलं नाव, आपला पत्ता. नाव बदलून तिथं 'चेन' घातलं, पत्ता पुढच्या आठवड्यात बदलू म्हणाली, आणि आजीनं इतकं सुंदर म्हटलं की बदलायचं राहूनच गेलं. म्हातारी कुणाला पत्ता सांगेल तर कुणाचा सांगेल?

टॅक्सी धरून दोघींनी महबूला गाठलं. ताहिराच्या इमारतीच्या दारात हारिस, म्हणजे तिथला रखवालदार, उभाच होता. "मॅडम, किधर गए थे? मेहमान कबसे बैठी है, और आपका नंबर भी नहीं मेरे पास!" ताहिरा घराबाहेर पडली आणि दहा मिनिटांत एक टॅक्सीवाला आजीला सोडून गेला होता. अस्सा पत्ता सांगितला म्हणे, घडाघडा! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तिसऱ्या मजल्यावर, ताहिराच्या बंद दारापाशी, हारिसनं दिलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत चेन आजी बसली होती. मांडीवर टोमॅटोची पिशवी, हातात चहाचा ग्लास. मेईनं धावत जाऊन तिला मिठी मारली आणि लहान पोरीसारखी रडू लागली. ताहिराचा जीव भांड्यात पडला तो असा, की ती तिथंच पायरीवर बसली आणि तिलाही रडू आवरेना.

"आजी, घाबरला नाहीत?" तिनं डोळे पुसत विचारलं.

आजीनं दाराशेजारच्या चपलांच्या मांडणीकडे बोट केलं. तिथं लाल सँडल होते. मंगफच्या दारात आठवड्यातून तीनदा दिसणारे.

"टीचर शूज," आजी म्हणाली. "टीचर कम. आय वेट."

हे कुठल्याच धड्यात नव्हतं. मेई रडता रडता हसली आणि ताहिराचा हात हातात घेतला. तो तिनं बराच वेळ सोडला नाही.

घरात सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायलं. ताहिरानं आजीची वही मागून घेतली, मंगफचा पत्ता नीट मोठ्या अक्षरांत लिहिला, आजीकडून चार वेळा म्हणवून घेतला. मग वरची महबूल्याची ओळ खोडायला पेन टेकवलं, तर आजीनं वहीवर हात ठेवला.

"नो, नो," ती म्हणाली आणि दोन बोटं वर केली. "टू हाऊस."